तलावावरचा अर्धा सेकंद

हे सगळं घडलं ते दोन हजार बावीस साली, मार्च महिन्यात, सानगडीला. माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. माझी नात मंजुषा नागपूरला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा प्रोजेक्ट डॉल्फिनवर होता. वैनगंगेत डॉल्फिन नाही, आमच्या तलावांत तर नाहीच. तिनं स्वतःही तो कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मी त्याला मासा म्हटलं की मात्र ती चिडायची.

"आजी, तो मासा नाही होय. पिल्लाले दूध पाजते तो."

"मंग पाण्यात काहून राहते?" मी विचारायची, आणि ती मोबाइलवर मला त्याची चित्रं दाखवत बसायची.

त्या दिवसांत तिनं मला जे समजावलं ते मला अजून आठवतं, कारण ते तिनं माझ्या विणायच्या मागाजवळ बसून समजावलं होतं. नाव चालते तेव्हा पाणी तिच्या अंगाला चिकटतं. नाकाशी ते सरळ वाहतं, जसा मागावर नीट ओढलेला उभ्या धाग्यांचा ताणा. मागे मागे जाताना त्याचा गुंता होतो, आणि तो गुंताच नावेला मागं खेचतो. नव्वदएक वर्षांपूर्वी एका इंग्रज शास्त्रज्ञानं गणित मांडलं की डॉल्फिन ज्या वेगानं पोहतो तेवढी ताकद त्याच्या अंगात असूच शकत नाही. म्हणजे कातडीत काहीतरी असलं पाहिजे. ती मऊ आहे, तिच्यावर बारीक रेघा आहेत, पाण्याच्या दाबाबरोबर ती दबते आणि गुंता होऊ देत नाही, असं काही जणांना वाटलं. मग इंजिनियर लोकांनी रबराच्या कातड्या करून पाहिल्या. काहींना जमलं, काहींना नाही. ते भांडण पुरतं मिटलेलं नाही, असं मंजुषा म्हणाली.

तिला ते पाहायचं होतं आमच्या तलावावर, आणि त्याला कारण केवळराम होता. केवळराम ढिवर साठीचा. जाळी टाकायला, शिंगाडे काढायला तो रोज डोंगा वल्हवत पलीकडे जायचा, आणि त्याचा उजवा खांदा पार गेला होता. मंजुषा लहानपणापासून त्याच्या डोंग्यात बसलेली. डोंगा थोडा हलका चालला तर काकाचा खांदा वाचेल, एवढं साधं तिच्या मनात होतं.

केवळरामानं तिला शिवणीच्या लाकडाच्या दोन छोट्या नावा करून दिल्या. तीन-तीन फुटांच्या, अगदी जुळ्या. एकीला नुसता गुळगुळीत रंग. दुसरीला तिनं मऊ रबराची कातडी चढवली, तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा उमटवल्या. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आंब्याची एक फांदी बाहेरच्या उतारावर झुकलेली आहे. तिला कप्पी बांधली, कप्पीवरून दोरी, दोरीच्या एका टोकाला नाव आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. पिशवी सोडली की ती उताराकडे खाली जाई आणि नाव पाण्यातून वीस फूट ओढली जाई. किती वेळ लागला ते मोबाइलवरच्या हलत्या चित्रावरून मोजायचं. ओढ तीच, नावा सारख्या, म्हणजे फरक पडला तर तो कातडीचाच.

फरक पडत नव्हता. अकरा दिवस ती रोज सकाळी जात होती. रंगाच्या नावेला पाच सेकंद आणि दोन दशांश. कातडीच्या नावेलाही तेवढेच. एखाद्या दिवशी पाच आणि एक. कधी पाच आणि तीन.

आणि तिची सारी आशा याच्यावर होती. समुद्रकाठच्या एका संशोधन संस्थेनं देशभरातून तीन मुलं दोन वर्षांसाठी घ्यायची ठरवली होती. मंजुषाचं नाव शेवटच्या नऊ जणांत होतं, ते या कल्पनेवरच. रविवारी संध्याकाळपर्यंत प्रत्यक्ष चाचणीचा निकाल पाठवायचा होता. तिचे सर, संघपाल सर, रविवारी स्वतः नागपूरहून येणार होते. शनिवारपर्यंत त्या पोरीचा चेहरा सुकून गेला होता. जेवायला बसली की भाताची शितं बोटानं एका ओळीत लावत राहायची.

आता माझ्याकडून काय झालं ते सांगते.

आमच्या गल्लीत एके काळी बावीस माग होते. पाजणीच्या, म्हणजे धाग्यांना खळ लावायच्या, दिवशी पहाटेपासून गल्लीभर ताणा पसरलेला असायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बायका-माणसं दोन्ही बाजूंनी खळीचा कुंचा ओढत चालायची. सायकलवालाही त्या दिवशी उतरून, अंग चोरून जायचा. प्रत्येक घराची पाजण वेगळी. कोणी नुसती तांदळाची पेज लावी, कोणी त्यात तेलाचे थेंब टाकी. आमच्या सासूबाई जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी पेजेत मिसळायच्या. त्यानं धागा फणीतून असा सरकायचा की तुटायचं नावच घ्यायचा नाही. चांगली पाजण सुकल्यावर डोळ्याला दिसत नाही नि हाताला लागत नाही. सासूबाईंचा आणखी एक नेम होता. भांड्यात उरलेली पाजण फेकायची नाही. कुंच्यातला शेवटचा हात घरातल्या नव्या वस्तूवर फिरवायचा. पाळणा असो, दार असो, माझ्या मुलाची, लक्ष्मणरावाची, पहिली सायकल असो. म्हणजे ती वस्तू घराला लाभते.

लक्ष्मणराव राइस मिलमध्ये लागल्यापासून घरात एकच माग उरला होता. तोही मी वर्षातून एखाद्या लुगड्यापुरता चालवायची. त्या शनिवारी मी अंगणात लहानसा ताणा पाजला. मंजुषा कसल्या तरी सामानासाठी साकोलीला गेली होती. ओट्यावर तिची कातडीची नाव ठेवलेली. तिच्यावर सुताचा भुगा आणि धूळ येऊन चिकटली होती. मी ती ओल्या फडक्यानं पुसली. कुंचा हातात होता, भांड्यात चार बोटं पाजण उरली होती. मी नाकापासून शेपटापर्यंत दोन हात मारले, सासूबाईंचं नाव घेतलं, आणि नाव उन्हात ठेवली. दुपारपर्यंत ती वाळली. काही दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी संघपाल सर आले. पस्तिशीचे असतील, हसरे, आल्याबरोबर माझ्या पाया पडले. चहा पिताना त्यांनी नावेकडे हात नेला, तशी मंजुषा घाईनं म्हणाली, "सर, कातडीले हात नका लावू. बोटाचं तेल लागलं तरी फरक पडते."

मी हातातला कप खाली ठेवला.

बोटाचं तेल लागलं तरी फरक पडतो, आणि मी तर दोन हात पाजण मारली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सर तासाभरात परत निघणार होते, कातडी धुवून वाळवायला दुपार झाली असती, आणि पोरीच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा थोडा रंग आला होता. मी मनाला समजावलं की पाण्यात पडली की पाजण धुऊन जाईल. तरी माझ्यामुळे नाव रखडली तर काय, या भीतीनं मी त्यांच्या मागोमाग तलावावर गेले. एरवी मी पाळीपर्यंत चालत नव्हते.

रंगाची नाव आधी सोडली. पाच सेकंद, दोन दशांश. मग कातडीची. मी पदर तोंडाशी धरून उभी होते. पिशवी सुटली, दोरी ताठ झाली, आणि नाव अशी गेली की केवळरामानं वाकून पाहिलं. मंजुषानं मोबाइलमध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"चार सात," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा चार सात. तिसऱ्यांदा चार आठ. सरांनी टाळी वाजवली. तीन चाचण्या पुरेत म्हणाले आणि तिथंच आंब्याखाली बसून चित्र आणि आकडे संस्थेला पाठवून दिले. मंजुषा माझ्या गळ्यात पडली. आतापर्यंत मला वाटत होतं की मी नाव बिघडवली. आता कळत होतं की नाव मी पळवली.

केवळराम नाव पाण्यातून काढत होता. त्यानं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, थांबला, बोटं नाकाशी नेली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याची आई आमच्याकडे ताणा ओढायला यायची, त्याचं बालपण आमच्या अंगणात गेलेलं. जवसाचा वास त्याला कोणी सांगायला नको होता. नाव त्यानं लुंगीच्या सोग्यानं पुसून मंजुषाच्या हातात दिली.

बुधवारी संस्थेचं पत्र आलं. तिघांत मंजुषाचं नाव होतं. लक्ष्मणरावानं गल्लीत पेढे वाटले. ज्या लक्ष्मणरावानं माग बंद केले तेव्हा तोंडातून शब्द काढला नव्हता, तो त्या दिवशी रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता की माझ्या पोरीनं पाण्याचा गुंता सोडवला. मी पेढा तोंडात धरून बसले.

दुपारी केवळराम आला. अंगणात उकिडवा बसला, बिडी काढली, पेटवली नाही.

"मावशी, थे जवसाचं होतं ना?"

मी मान हलवली.

"मंग गप राहा," तो म्हणाला. "कोनाचं काय बिघडलं? पोरगी लागली ना धंद्याले. देवानं तुमच्या हातानं केलं समजा."

मी म्हणाले, खोटं आहे ते.

"खोटं तुमी थोडी बोलल्या? तुमी तं बोलल्याच नाई."

तो गेल्यावर मी त्याच्या शब्दांना धरून राहायचा फार प्रयत्न केला. मी बोललेच नाही, म्हणजे खोटंही बोलले नाही. गुरुवारचा अख्खा दिवस मी असं स्वतःला सांगत होते. तांदूळ निवडताना खडे तांदळात टाकत होते आणि तांदूळ बाहेर. मंजुषा बॅगा काढून कपडे लावत होती, गुणगुणत होती. ती खोलीत आली की मी उठून अंगणात जायची, अंगणात आली की मागाशी. एकदा तिनं विचारलंच की आजी, मी जाणार म्हणून तू रुसलीस का. मी हो म्हणाले. ते मात्र खरंखुरं खोटं होतं.

शुक्रवारी सकाळी तिला फोन आला. बोलून झाल्यावर ती उड्या मारतच माझ्याकडे आली. संस्थेत पाण्याची मोठी टाकी होती, शंभर हात लांब, समुद्राच्या बोटींचे नमुने तिथं तपासायचे. मंजुषानं येताना तीच नाव आणायची होती. पहिल्याच आठवड्यात सगळ्या मोठ्या लोकांसमोर तीच चाचणी पुन्हा करून दाखवायची होती. ती नाव धुऊन, साफ करून, कापसात गुंडाळून नेणार होती.

मला ते समोर दिसलं. ती लांब टाकी, दोन्ही बाजूंनी उभी असलेली अनोळखी माणसं, मध्ये माझी पोर. नाव सुटते आणि पाच सेकंद दोन दशांश. पुन्हा पाच दोन. मग कोणीतरी विचारतं, मग ते चार सात कुठून आणलं? आणि तिच्याकडे उत्तर नाही, कारण उत्तर सानगडीला अंगणात बसलंय, तोंड शिवून.

"मंजू, बस जरा," मी म्हणाले.

"थांब वं आजी, सरले फोन करतो."

"करू नको. थे नाव मी पाजली होती."

तिला कळलंच नाही. मला सगळं सांगावं लागलं. ताणा, उरलेली पाजण, सासूबाईंचा नेम, दोन हात, उन्हात वाळवणं. बोलता बोलता माझे हात कुंचा ओढल्यासारखे हलत होते. ती ऐकत होती. तिच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, फक्त जागच्या जागी थिजलं. ती रडेल, ओरडेल, असं वाटत होतं.

"किती जवस टाकलं होतं?" तिनं विचारलं.

मी पसाभर सांगितलं.

"किती वेळ उकळलं?"

मी सांगितलं. पेज किती घट्ट, हात किती मारले, कोणत्या बाजूनं, सगळं तिनं वहीत लिहून घेतलं. मग नाव उचलून मोरीत नेली, साबणानं धुतली, घासली, पुन्हा धुतली. मला म्हणाली, अजून थोडी पाजण करून दे.

शनिवारी आम्ही तिघं तलावावर गेलो, ती, मी आणि केवळराम. धुतलेली नाव आधी सोडली. पाच दोन. पाच दोन. पाच एक. मग मी पाजण लावून, वाळवून दिल्यावर तीच नाव पुन्हा सोडली. चार सात. चार आठ. पाच. पाच एक. पाच दोन. पाचव्या खेपेला पाजण पुरती धुऊन गेली होती आणि पाण्यावर फक्त जराशी चमक उरली होती. मग तिनं नुसत्या रंगाच्या नावेला पाजण लावली. तीही चार सात.

मंजुषा पाळीवर बसली. ती म्हणाली की कातडीचं काहीच नव्हतं, बुळबुळीत पाणी नावेच्या अंगाशी सुटतं आणि तेच गुंता होऊ देत नाही. असं होतं हे आधीच माहीत आहे लोकांना, मासेही अंगाला तसंच काही लावून असतात. आणि डॉल्फिन? मी विचारलं. तर म्हणाली, त्या इंग्रजाचं गणितच कमी पडलं होतं, डॉल्फिनच्या अंगात त्यानं धरली त्याहून कितीतरी जास्त ताकद निघाली. अंग निमुळतं, शेपूट जोरदार, आणि कातडी तासा-दोन तासांनी वरचा थर टाकून देते म्हणून स्वच्छ. जादू नाही. शिकायचं तर त्या आकाराकडून शिकायचं, आणि मी कातडीलाच धरून बसले, असं ती म्हणाली.

केवळराम म्हणाला, "पोरी, हे तुमच्या घरातच राहू दे. तिथं जाऊन पाजण लावजो, मी तुले डबा भरून देतो."

ती हसली. पहिल्यांदाच. "काका, पाच खेपांत धुऊन जाते ते. मी समुद्रात कुंचा घेऊन पोहू काय?"

घरी येऊन तिनं संस्थेला पत्र लिहिलं. पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं, मराठीत करून. आधीचे आकडे रद्द समजावेत, चाचणीच्या आधी नावेच्या पृष्ठभागाला दुसरा पदार्थ लागलेला होता, आणि त्याची नोंद मी घेतली नव्हती, असं त्यात होतं. माझं नाव तिनं कुठं लिहिलं नव्हतं. मी म्हणाले, आजीनं लावला असं लिही. ती म्हणाली, नाव माझी होती, नीट तपासायचं काम माझं होतं.

लक्ष्मणरावाला कळलं तेव्हा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतकी वर्षं त्यानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता.

"माय, तुले कोनं सांगतलं होतं तिच्या वस्तूले हात लावाले? आणि लावला तं लावला, मंग सांगतलं कायले?"

मी ओट्यावरचा कुंचा उचलून आत नेला.

उत्तर आठ दिवसांनी आलं. संस्थेनं तिच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली होती. मंजुषानं पत्र दोनदा वाचलं, बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावले आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसली.

त्यानंतर संघपाल सर एकदा आले. ते रागावले नव्हते, पण खजील झाले होते, कारण तिसऱ्या खेपेला आकडा वाढला होता आणि चौथी खेप त्यांनीच नको म्हटली होती. पुढच्या वर्षी ते अमरावतीच्या एका कॉलेजात गेले. दर वर्षी पहिल्या तासाला ते मुलांना ही गोष्ट सांगतात, असं मंजुषाच्या एका मैत्रिणीनं सांगितलं, आणि दोष स्वतःकडे घेऊन सांगतात.

केवळरामाचा डोंगा दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात मंजुषानं त्याच्याच हातानं मागून तासून निमुळता करवला. तो थोडा हलका चालायचा, असं तो म्हणे. किती हलका ते कोणी मोजलं नाही. खांदा मात्र वाचला नाही. दोन पावसाळ्यांनंतर त्यानं वल्हं पुतण्याला दिलं, आणि आता तो बसल्या बसल्या जाळी विणतो.

लक्ष्मणराव माझ्याशी एकवीस दिवस बोलला नाही. बाविसाव्या दिवशी त्यानं विचारलं, भाजीत मीठ किती टाकू. त्यानंतर तो विषय आमच्यात निघालेला नाही. मिलमधून तो गेल्या वर्षी निवृत्त झाला आणि आता सानगडीच्या बाजारात सुतळी-दोरखंडाचं छोटं दुकान चालवतो.

मंजुषाला त्या संस्थेनं पुन्हा कधी बोलावलं नाही. तिनं दोनदा अर्ज केला होता. एक वर्ष घरी राहिल्यावर ती कोल्हापूरकडे पंपाच्या एका कारखान्यात लागली. नळातून पाणी कमी जोरात जास्त लांब कसं न्यायचं, हे तिचं काम आहे. दिवाळीला येते. समुद्र तिनं नोकरी लागल्यावर रत्नागिरीला पाहिला, पण त्या दिवशी डॉल्फिन दिसले नाहीत.

मी आता सत्त्याहत्तरची. दोन्ही डोळ्यांचा मोतिबिंदू काढला आहे. माग मोडून लाकडं सरपणाला दिली, त्याचं मला वाटलं होतं तितकं दुःख झालं नाही. मंजुषाचा फोन दर रविवारी येतो. ती जेवली का हे मी आधी विचारते, आणि ती जेवली असं म्हणेपर्यंत माझा जीव अजूनही थोडा वर-खाली होतो.